बांधाचा साक्षीदार

जमिनीच्या दाव्यांत केस पांढरे केलेल्या रघुवीर वकिलांकडे बायजा कापडे गावाहून महाडला आली होती. धाकट्या दिरानं, नाथूनं, दरवर्षी बांध कोरत तिचं भाताचं निम्मं खाचर घशात घातलं होतं.

वकील म्हणाले, "मावशी, जुना बांध कुठं होता, हे सांगणारा साक्षीदार हवा. शेजारीपाजारी?"

"समदे दरडीखाली गेले, सायेब. ठावं असलेला एकच उरलाय. नाथू."

वकिलांना हसू आलं. "ज्याच्यावर दावा, तोच साक्षीदार? तो खरं बोलेल?"

बायजानं पदरानं डोळे टिपले.

"दरड आली तेवा त्यानं आधी मला उकरून काढलंन, सायेब. त्याचा सख्खा भाऊ, माझा नवरा, आतच ऱ्हायला. तो माझ्या तोंडावर खोटं नाय बोलायचा."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली.