नावं घेऊन मानलेले उपकार

कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत मार्थाताई पाटोळ्यांचं पाळणाघर तळमजल्यावर होतं, आणि वरच्या मजल्यांवरच्या नोकरदार आयांचा संसार खरं तर त्या दोन खोल्यांवर उभा होता. अर्थात हे कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुण्यात चांगल्या कामाची पोच म्हणजे तक्रार न येणं.

मार्थाताई ख्रिस्ती. त्यांच्या घरची रीत अशी, की ताट समोर आलं की डोळे मिटून देवाचे उपकार मानायचे, आणि तेही घाऊक नाही, नावं घेऊन. पाळणाघरात मुलं आपापल्या घरचा श्लोक म्हणून जेवायला बसत. तो श्लोक ताईच म्हणवून घेत. मग स्वतःच्या ताटापाशी त्या आपली प्रार्थना करत. शंभूबद्दल, अर्णवबद्दल, त्यांच्या आईबापांबद्दल, एकेकाचं नाव घेऊन प्रभूचे उपकार मानत आणि आमेन म्हणत. तोवर मुलं वरणभातात हात घालून बसलेली असत, त्यांचं आपल्याकडे लक्ष असेल असं ताईंना कधी वाटलंच नाही. चार वर्षांच्या पोराचं लक्ष नको तिथेच असतं, हे इतकी मुलं वाढवूनही त्या विसरल्या.

एक दिवस अर्णव घरी जेवायला बसला, हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि खणखणीत आवाजात 'आमेन' म्हणाला. त्याची आई तेजस्विनी हादरली. खाली येऊन विचारलं असतं तर दोन वाक्यांत उलगडा झाला असता. पण विचारायला जिना उतरावा लागतो, सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला एक अंगठा पुरतो. 'पाळणाघरात मुलांना बाटवण्याचे प्रकार चालू आहेत,' असं तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं आली नाहीत. कालपर्यंत हसून बोलणाऱ्या बायका मार्थाताईंना पाहून मोबाइलमध्ये डोकं खुपसू लागल्या. पाळणाघर ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला रविवारी सभा बोलावली गेली. नवरा गेल्यापासून ताईंचं पोट त्या दोन खोल्यांवर होतं आणि जीवही त्याच दोन खोल्यांत होता. त्यांना राग आला, चांगला सणसणीत आला. बाळंतपणानंतर तेजस्विनी रडत बसायची, तेव्हा तिला मांडीवर डोकं ठेवू देणाऱ्या याच ताई होत्या.

त्या दुपारी ताईंनी आलेल्या मुलांची नावं घेतली, न आलेल्यांची घेतली, आणि तेजस्विनीच्या नावापाशी त्या अडल्या. मुलांचं जेवण उरकलं तरी ताई डोळे मिटूनच बसल्या होत्या. ताटातला भात निवला. शेवटी त्यांनी नाव घेतलं. राग काही गेला नाही, पण नाव घेतलं.

शनिवारी अध्यक्ष संभाजीराव आले. सोसायटी ज्या जमिनीवर उभी, ती एके काळी त्यांच्या घरची ज्वारीची जमीन, त्यामुळे अख्ख्या इमारतीची काळजी आपल्यालाच, असा त्यांचा समज होता. माणूस मनाचा चांगला. त्यांनी सुंठीवाचून खोकला घालवायचा उपाय आणला होता.

"पोरानं टीव्हीवर बघितलं असंल, म्हणायचं," ते म्हणाले. "मी प्रार्थना-बिर्थना काय करत नाय, म्हणायचं. मिटलं. तुमचा देव काय, समजून घेईल की. त्यात कुणाचं वाईट हाय?"

"समजून घेईल हो तो," मार्थाताई म्हणाल्या. "पण रोज ज्याचे उपकार मानते, त्याला चारचौघांत ओळख दाखवायची नाही, हे मला जमायचं नाही."

सभेला गर्दी होती. पाणी येत नाही तेव्हाही इतकी माणसं जमत नाहीत. ताई उभ्या राहिल्या. आपण जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करतो, मुलांची आणि त्यांच्या आईबापांची नावं घेऊन उपकार मानतो, हे त्यांनी सरळ सांगितलं. मुलांना ती कधी शिकवली नाही, पण अर्णवने ऐकली असणार. तुम्हाला नको असेल तर उद्यापासून मनातल्या मनात करीन, पण करतच नाही असं म्हणणार नाही. तेजस्विनीविरुद्ध त्या अवाक्षर बोलल्या नाहीत.

एका मुलामागे किती मिळतात, असं मागून कुणीतरी विचारलं.

"तुम्ही महिन्याची फी देता ना, तेवढेच," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मग तेजस्विनीची सासू, इंदुबाई उठल्या. सभेत त्या आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

"तो काय पुटपुटला, हे कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी शेजारी होते. आजीबद्दल उपकार, आजीच्या भेंडीबद्दल उपकार, असं म्हणाला. सून म्हणून या घरात आले तेव्हापासून रांधते आहे. मीठ कमी पडलं, की माझी आठवण होते. माझ्या भाजीचे आभार घरात पहिल्यांदा मानले गेले, आणि त्यावर तुम्ही सभा भरवलीत."

कुणीतरी हसलं, बरेच जण आपापल्या चपलांकडे पाहू लागले. संभाजीरावांनी घाईघाईने चहा मागवला आणि पाळणाघर राहिलं. काही मुलं मात्र परत आली नाहीत ती नाहीतच. तेजस्विनी चहाला न थांबता निघून गेली.

सोमवारी सकाळी ती अर्णवला घेऊन दारात उभी राहिली. पोरगा बोट सोडून खेळण्यांकडे पळाला. ती तिथेच घुटमळली.

"तुम्ही आईबापांचीही नावं घेता म्हणालात," ती म्हणाली. "मी ते लिहिल्यावरसुद्धा माझं घेतलंत?"

"घेतलं," मार्थाताई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, फार जड गेलं. पण घेतलं."

तेजस्विनीला ऑफिसची गाडी गाठायची होती. तरी तिने चपला काढल्या, आत आली आणि मुलांच्या सतरंजीवर बसून पूर्वीसारखं ताईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. मार्थाताईंनी तिच्या केसांवर हात ठेवला आणि तिचं नाव घेऊन देवाचे उपकार मानले. सभेत कबूल केल्याप्रमाणे मनातल्या मनात.