ऊंजलवरचे दोन रंगारी

माणसानं हट्टी असावं, पण किती? हॉलचं चौदा फूट उंच छत ऊंजलवर उभं राहून रंगवतो, असं रघुपतीनं जाहीर केलं आणि कृष्णवेणीनं कपाळावर हात मारला. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे बरेच प्रताप तिनं पाहिले होते, पण ऊंजलवरून, म्हणजे छताला टांगलेल्या झोपाळ्यावरून रंगकाम? अय्यो!

शुक्रवारी त्याच हॉलमध्ये लेकीचा, भवानीचा साखरपुडा. छताचे पोपडे पाहुण्यांच्या पायसात पडले तर काय शोभा! रंगारी एकही मोकळा नव्हता. शिडी होती, पण ती दोन गल्ल्या पलीकडे, कृष्णवेणीच्या थोरल्या भावाकडे, हनुमंतरावांकडे. आणि ते व रघुपती तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण काय, तर पापनाशमच्या एका लग्नात पंगतीत आधी कोणाला वाढलं! सांगा आता, ही काय भांडायची गोष्ट?

बरं, साखरपुड्याला मामा नको? मामानं गळ्यात माळ घातल्याशिवाय त्यांच्या घरातली मुलगी ऊंजलवर बसत नसे. छत गेलं खड्ड्यात, कृष्णवेणीचा जीव त्या माळेत अडकला होता.

"त्याच्याकडे शिडी मागणार नाही म्हणजे नाही," रघुपती म्हणाला. त्यानं साखळीच्या मधल्या कड्या काढून ऊंजल चांगली आठ फुटांवर नेली. टेबलावर स्टूल, स्टुलावर स्वतः, आणि रंगाची बादली घेऊन स्वारी वर चढली. चढताना लाथ बसली ती स्टुलाला. स्टूल खाली पडलं आणि स्टुलाचा पाय मोडला.

दोन तास रंग चालला. अर्धं छत पांढरं, रघुपती त्याहून पांढरा. मग त्यानं खाली पाहिलं.

"वेणी, गुडघे दुखतात गं. उतरू कसा?"

"मारुतीचं नाव घ्या आणि मारा उडी," ती म्हणाली आणि फोनकडे गेली. "अण्णा, तुझे मेहुणे ऊंजलवर अडकलेत."

तीन वर्षं ज्यानं उंबरा ओलांडला नव्हता, तो माणूस शिडी खांद्यावर घेऊन पाच मिनिटांत हजर! बहिणीच्या मायेनं नव्हे हो, मजा बघायला.

हनुमंतराव शिडी चढले, पण मेहुण्याला उतरवायचं राहिलं बाजूला. "रोलर असा धरतात होय? सगळे ओघळ!" मास्तरकी करून निवृत्त झालेला माणूस, दुसऱ्याची चूक दिसली की हात शिवशिवणारच. दाखवतो म्हणून ते ऊंजलवर सरकले.

कृष्णवेणीनं एवढंच पाहिलं. तिनं शिडी उचलली आणि सरळ अंगणात नेऊन ठेवली.

"वेणी! शिडी आण!" दोघं एकदम ओरडले.

"छत झालं की आणते. आणि अण्णा, शुक्रवारी माळ घेऊन यायचंस."

"यांनी बोलावलं तर येईन," हनुमंतराव तुळईकडे बघत म्हणाले.

रघुपतीनं रोलर बादलीत बुडवला. हा आता नाही म्हणाला तर सगळंच संपलं, असं कृष्णवेणीला वाटलं, आणि नवऱ्याचा भयंकर राग आला.

"हनुमंतराव," रघुपती शेवटी बोलला. "भवानी रोज विचारते, मामा येणार का म्हणून. तुम्ही या."

हनुमंतराव मेहुण्याकडे वळले तशी साखळी करकरली.

"येईन की," हनुमंतराव म्हणाले. "तो रोलर द्या इकडे. असल्या छताखाली माझ्या भाचीला बसवता, लाज नाही वाटत?"

"मग तुम्हीच रंगवा!"

"रंगवतोच! पण तो कोपरा लांब आहे. वेणी, जरा ढकल गं!"

कृष्णवेणीनं पदरानं डोळे पुसले, जळमटं काढायची काठी घेतली आणि दोघांना मिळून एक झोका दिला.