जागेश्वररावांचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी सक्करदऱ्यातल्या एका घरातला जुना कॉम्प्युटर. आजकाल मला फारसं काही वाटत नाही. तरी सांगतो.

जागेश्वरराव हिंगण्याच्या कारखान्यात नोकरीला होते, तेव्हा त्यांनी मला हौसेनं घरी आणलं. त्यांच्या पत्नी कुसुमावतीबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. मोबाइलवर काढलेले घरचे सगळे व्हिडिओ त्या माझ्यात साठवायला लावत. उन्हाळा आला की म्हणत, "मायबाई, किती तापून राहिला बिचारा! याले कूलरपुढं ठेवा." कूलरची ओली हवा आणि धूळ वर्षानुवर्षं माझ्या पोटात गेली. मायेनंच केलं हो त्यांनी, कोणाला बोलणार?

पुढे तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन जागेश्वररावांना घशाचा कॅन्सर झाला. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं आणि आवाज कायमचा गेला. मग माझ्याकडे कोणी फिरकेना. माझ्यावर एक जुनी चादर पडली.

यंदा घरात सून आली, रुचिका. तिनं सासऱ्यांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. "आई, एकदा ऐकवा ना," ती म्हणाली. चादर निघाली. व्हिडिओवर क्लिक झालं आणि मी जागच्या जागी थिजलो. पडद्यावर नुसतं गोल फिरत राहिलं. माउस हलेना, की खिडकी बंद होईना. त्यांनी बटण दाबून मला बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बाईंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आत सगळं बधिर झालं होतं.

शेवटी दुरुस्तीवाला प्रज्वल आला. त्यानं दुसरा प्लेअर टाकून पाहिला, तरी मी अडकलोच. मग त्यानं पेन ड्राइव्हवरचं गाणं लावलं. ते मात्र नीट वाजलं.

"काकू, प्लेअर ठीक आहे. व्हिडिओ ज्या डिस्कवर आहेत, ते डिस्कच खराब होऊन राहिली. आता काही उघडू नका, नाहीतर उरलंसुरलंही जाईन."

"त्याच्यात यायचा आवाज आहे रे बाबू," बाई नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या. जागेश्वरराव शेजारीच बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

प्रज्वलनं माझी डिस्क काढून नेली आणि नवी बसवली. जुन्या डिस्कवरचा एकच छोटा व्हिडिओ वाचवता आला. बाकी सगळे गेले.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना धूळ आणि ओलीपासून जपा. आणि जिवाभावाचं काही असेल, तर ते एकाच ठिकाणी ठेवू नका. आम्ही सांगून मरत नाही.

त्या दुपारी तो वाचलेला व्हिडिओ पाहायला सगळे माझ्यापुढे बसले. या वेळी मी अडकलो नाही. जागेश्वररावांचा घोगरा, वैतागलेला आवाज घरात घुमला, "काहून शूटिंग करून राहिली वं? बंद कर ते! जेवाले वाढ मले."

एवढंच होतं. रुचिकानं तोंडावर हात धरला. जागेश्वरराव पडद्याकडे पाहत राहिले. कुसुमावतीबाई उठल्या, पदर खोचला आणि आत जाऊन ताट वाढायला लागल्या.

जेवणं तर नुकतीच आटोपली होती.