मला कुणी मोजलंच नाही

मित्रांनो, मी रक्तातलं एक प्रथिन, वय दिवस सहा. हसू नका! आमच्यात सहा दिवस म्हणजे म्हातारपणच. सध्या मी एका नळीत, लॅबच्या फ्रिजमध्ये पडून आहे आणि मला फार भीती वाटते आहे. स्वतःसाठी नाही हो, माझ्या सुतारासाठी.

त्याच्या यकृतात माझा जन्म झाला. काम एकच, लैंगिक हार्मोनं घट्ट धरून रक्तातून हिंडायचं. आम्ही धरलेलं हार्मोन कुणाच्या उपयोगी पडत नाही. जे सुटं असतं तेच स्नायूंत, हाडांत शिरतं. थोडं धरावं, थोडं सुटं राहू द्यावं, असं आमच्या आधीच्या पिढ्यांचं बरं चाललं होतं.

पण माझ्या जन्माआधीच सुताराच्या गळ्यातली थायरॉइड ग्रंथी चेकाळली. तिच्या नादानं यकृतानं माझी भावंडं दुपटीनं काढली. दिसेल ते हार्मोन आम्ही पकडू लागलो. शरीरानं आणखी बनवलं, तेही पकडलं. सुतार वाळला, ग्रंथीच्या धुमाकुळानं त्याचे हात थरथरू लागले. वाईट वाटायचं, पण सोडून देणं माझ्या स्वभावातच नाही.

मग रक्त तपासायला काढलं, त्यात मीही आलो. यंत्रानं भावंडांच्या तावडीतली हार्मोनं सोडवली, सुट्यांत मिसळली आणि सगळी एकत्र मोजली. मी उरलेल्या रक्तात राहिलो.

आज सकाळी सुतार बायकोबरोबर रिपोर्ट न्यायला आला. फ्रिज काउंटरला लागूनच आहे, सगळं ऐकू येतं.

"बघ, आकडा कसला दणदणीत! उगाच डोकं खात होतीस माझं."

"आकडा राहू द्या. काल फळी करवतीवर धरवत नव्हती तुम्हाला. बोटं थोडक्यात वाचली," बायको म्हणाली. "ताई, आणखी काही तपासायचं राहिलंय का हो?"

लॅबवाल्या ताई म्हणाल्या, "डॉक्टरांनी एवढंच लिहिलंय. सुटं हार्मोन किती, थायरॉइड कसं, तेही बघता येईल. डॉक्टरांना विचारून फोन करा. संध्याकाळी नमुना टाकून देतो आम्ही."

"काही नको! चल, दुपारी करवतीवर उभं राहायचंय मला."

बायकोनं मात्र लॅबचा नंबर लिहून घेतला.

मित्रांनो, एकूण आकडा भरला म्हणून माणूस बरा आहे असं समजू नका. त्यातलं सुटं किती, तेही विचारा. आणि घरचं माणूस काळजीनं बोलतं तेव्हा त्याला उडवून लावू नका.

साडेपाच वाजले. ताई हातमोजे चढवताहेत. फोन काही वाजत नाही. आणि मी मेला, सवयीनं, सुताराचं एक हार्मोन अजून घट्ट धरून बसलो आहे.