परिपाठात संस्कृतीचा नंबर

मेडशीच्या बाजाराला न्यायची मेथी रुख्मिणीनं तशीच वाफ्यात टाकली, हात धुतले आणि लेकीचं दप्तर खांद्याला अडकवून गावच्या शाळेकडे निघाली. सोबत पाय ओढत, पण ऐटीत, संस्कृती.

पाचवीतल्या संस्कृतीचे हातपाय जन्मापासून ताठर, जीभही जड. डोकं मात्र आईपेक्षा तल्लख, आणि आई काही बावळट नव्हती. शाळेत रोज परिपाठाला एक जण पुढं उभं राहून प्रतिज्ञा सांगतो. बाकीचे उजवा हात समोर धरून त्याच्या मागं म्हणतात. हजेरीच्या क्रमानं प्रत्येकाचा नंबर येतो. संस्कृतीचा दोनदा आला आणि दोनदा ‘पुढच्या आठवड्यात’ गेला. आज पुन्हा तिचाच होता. नेमके आजच तालुक्याचे साहेब शाळा पाहायला येणार, म्हणून मुख्याध्यापक जगदेव सरांनी काल निरोप धाडला होता की पोरीला उद्या घरीच ठेवा.

सर फाटकातच आडवे आले. माणूस वाईट नव्हता; साहेब म्हटलं की घाबरायचा, एवढंच.

“रुख्मिणीबाई, समजून घ्या. तिले येळ लागते. साहेबाचा हात दुखून येईन. अन् पोरीचंच हसू होईन.”

“पोरीचं होईन का तुमचं? वर्गातली पोरं तं हासत नाईत तिले. अपंग पोरांले शिकवाले आठवड्यातून दोनदा येतात त्या सुचिता मॅडमनं सारी प्रतिज्ञा घोटून घेतली हाय तिच्याकून. हजेरीत नाव हाय ना तिचं? मंग नंबरबी हाय.”

“पुढच्या आठवड्यात नक्की—”

“तुमचा पुढचा आठवडा लई लांब असते, सर. तिले हटवाचं असन तं आधी मले हटवा.”

तेवढ्यात साहेबांची गाडी आत आली आणि सर तिकडे धावले. रुख्मिणी मुलांच्या रांगांमागं जाऊन उभी राहिली.

संस्कृती पुढं गेली. तिनं हात समोर धरला, तसा साहेबांनी धरला, सरांनी धरला, रुख्मिणीनंही धरला.

“भारत...” मग थांबली. “माझा...” पुन्हा थांबली. पोरांना सवय होती. तिचं वाक्य पुरं झालं की सगळी एका सुरात म्हणत. सर मात्र डाव्या हातानं सारखा घाम पुसत होते.

‘विविधतांनी’पाशी गाडी अडली. हा शब्द धडधाकट माणसं सर्रास गिळून टाकतात. ही गिळायला तयार नव्हती. “वि... वि...” मान वळली, ओठ वाकडे झाले, हनुवटीवर लाळ आली. रुख्मिणीच्या तोंडून शब्द निघूनच गेला.

“विविधतांनी!”

सगळं मैदान मागं वळलं.

बाजारात कुणी पोरीला नाव विचारलं तरी उत्तर रुख्मिणीच द्यायची. मायेपोटी देत होती, खोटं कशाला बोला. पण घाई कधी पोरीला नव्हती, आईलाच होती. सरांशी भांडून ती आत आली आणि आत येऊन सरांचंच काम करून बसली.

संस्कृतीनं समोरचा हात खाली घेतला नाही. दुसरा, वाकडा हात उचलून तिनं आईला थोपवलं.

“आई... गप... ऱ्हाय. माहा... नंबर... हाय.”

रुख्मिणीला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग डोळे असे भरून आले की समोरचं कुणी दिसेना. कुणी हसलं नाही. साहेबांचा हात खरंच दुखायला लागला होता, पण प्रतिज्ञा संपल्याशिवाय तो खाली घ्यायची सोय नव्हती.

संस्कृतीनं हनुवटी बाहीला पुसली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं.

“भारत...”

रुख्मिणीचा हात खांद्यापासून भरून आला होता. तिनं तो डाव्या हातानं खालून धरला, ओठ घट्ट मिटले आणि पोरीच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत उभी राहिली.