आंबेदऱ्याचं टपाल

इंदुमती सरवदे यांचं पत्र गेली सव्वीस वर्षं ओलं आहे. रोज सकाळी मी ते दोरीवर वाळत घालतो आणि संध्याकाळी काढतो. खाली ठेवलेल्या वाटीत तोवर बोटभर पाणी जमलेलं असतं. शाई मात्र पसरत नाही. त्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच नदीवर नोकरीला होतो. पात्रात उभ्या केलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि सकाळी आठ वाजता वायरलेसवर सांगायचं, एवढंच काम. त्या वर आंबेदऱ्याला होत्या, मी खाली, एका दिवसाच्या पाण्यावर. म्हणजे तिथून निघालेलं पाणी माझ्यापर्यंत यायला एक दिवस लागे. आधी त्यांचा आकडा, मग माझा. अकरा वर्षं आम्ही एकमेकांचे आकडे ऐकले. भेट झाली नाही. पत्र आलं ते एकच.

‘तुम्ही आकडा सांगण्याआधी थोडं थांबता. तेवढ्यात तुम्हाला दुसरंच काही सांगायचं असतं, असं मला वाटतं. काय ते लिहून कळवा.’

केंद्राच्या खोलीत मी शेकडो पुस्तकं वाचली होती. त्यामुळे लिहायला बसलो की प्रत्येक ओळ आधी कुठेतरी वाचलेली वाटायची. मी पाकिटावर पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि तिथंच थांबलो. ते रिकामं पाकीट तेव्हापासून माझ्या पिशवीत आहे.

यंदा आमच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाचं बोलावणं आलं. सेवानिवृत्तांचा सत्कार आणि ‘कामातून प्रेरणा’ या विषयावर व्याख्यान. मला नाही म्हणायला जमत नाही, म्हणून गेलो.

अधिवेशन एका मंगल कार्यालयात होतं. तिथं बोललेला प्रत्येक शब्द पाणी होऊन जमिनीवर साठत होता. संयोजकांना त्याची कल्पना असावी, कारण खांबाखांबावर पट्ट्या लावलेल्या होत्या. दीपप्रज्वलन झालं तेव्हा तळवे भिजले. प्रास्ताविकात घोटे बुडाले. कुणी उठलं नाही. आम्ही अडीचशे माणसं, सगळ्यांनी जन्मभर एकच काम केलेलं. पाणी चढलं की नोंद करायची. दारात वाटलेल्या नव्या वह्यांमध्ये सगळे वेळ आणि पातळी लिहीत होते. मीही लिहीत होतो.

“पाणी वाढत असलं तरी कृपया जागा सोडू नये,” सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या. “चहा जागेवर येईल.”

चहा तरंगत आला.

माझ्या शेजारी एक पोरगेलासा, जाड मिशांचा माणूस बसला होता. त्याच्या बिल्ल्यावर दौलत गायकर, आंबेदरा असं लिहिलेलं होतं. मी तो बिल्ला तीन वेळा वाचला.

“तुम्ही कोळपकर काका ना?” त्यानंच विचारलं. “खालच्या केंद्रावरचे?”

“हो. सरवदे बाई...”

“हळू बोला काका, गुडघ्याला आलंय.” त्यानं पट्टी बघून नोंद केली. “बाईंच्या जागेवर मीच आलो. पण बाई कुठं गेल्यात? रिटायर झाल्या, तरी तिथंच राहतात. सकाळी उठल्यापासून एकच. गायकर, टपाल आलं का? आता पोस्ट काय माझ्या सासऱ्याचं आहे का?”

मी पिशवीतल्या पाकिटाला हात लावला.

“आज गाव उठतंय. नवीन धरणाची दारं संध्याकाळी बंद. उद्या आंबेदरा पाण्याखाली. सगळे ट्रकात बसले, बाई ओसरीवर. म्हणतात, आजचं टपाल बघून निघते. नाही आलं तर नाही निघत.”

“टपाल कधी निघतं?”

“इथूनच. दारातल्या पेटीतून, बारा वाजता. दिवस मावळायच्या आत तिथं पोचतं. शेवटचं.” मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “काय हो काका, तुम्हीच का ते?”

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

व्याख्याते उभे राहिले. “मित्रांनो,” ते म्हणाले, “प्रेरणा बाहेर शोधू नका. ती आपल्या आतच असते.” पाणी खुर्चीच्या बैठकीपर्यंत आलं. त्यांनी आम्हाला उभं राहायला सांगितलं. शेजाऱ्याचा हात हातात घ्या आणि मोठ्यानं म्हणा, मी भाग्यवान आहे. अडीचशे माणसं एकदम म्हणाली. पाणी एका दमात हातभर चढलं.

“काका, मांड्यांच्या वर,” दौलत म्हणाला. “तुम्ही म्हणालात का?”

“नाही.”

“म्हणून वाचलो.”

पावणेबाराला माझा सत्कार झाला. शाल खांद्यावर पडताच जड झाली. नारळ हातातून सुटला आणि मागच्या रांगांकडे निघून गेला. “आता कोळपकर काका दोन मिनिटांत मनोगत व्यक्त करतील,” बाई म्हणाल्या.

मी माइकपुढे उभा राहिलो आणि सवयीप्रमाणे थांबलो.

पाणी उतरू लागलं.

आधी खुर्च्यांच्या पाठी दिसल्या, मग बैठका. सभागृहातली माणसं भराभर नोंदी करत होती. मी आणखी थांबलो. इतका वेळ मी कधीच थांबलो नव्हतो. वायरलेसवर फार तर एका श्वासाची सवलत असे. पाणी घोट्यापर्यंत गेलं आणि खाली फरशीवर, माझं रोज आकड्याआधी सांगायचं राहून जायचं ते, अगदी साधं, पडलेलं दिसलं. ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.

“काका, बोला ना,” बाई कुजबुजल्या. पाणी बोटभर चढलं.

मी वहीतलं पान फाडलं, माइकच्या दांड्याला टेकवलं आणि लिहिलं.

‘आंबेदरा केंद्रास. आपण काल पाठवलेलं पाणी पोचलं. रोज पोचत होतं. आकडा सांगून झाला की मी खाली जाऊन त्यात पाय सोडून बसत असे. एवढंच सांगायचं होतं. आता निघावं, ही विनंती. कोळपकर.’

पान पाकिटात घातलं, कड चिकटवली आणि पायऱ्या उतरलो.

“मनोगत?” दौलतनं विचारलं.

“झालं.”

“दोन मिनिटांत? या संघटनेत पहिल्यांदाच.” त्यानं पुढ्यातली खुर्ची बाजूला सारून मला वाट करून दिली. “पळा आता. पाच मिनिटं आहेत.”

बाहेर, दाराशी, कंबरभर पाण्यात पोस्टमन उभा होता. आतलं सगळं बाहेर ऐकू यावं म्हणून रस्त्यावर प्रत्येक खांबाला कर्णा बांधला होता. सकाळपासूनची भाषणं अंगणात आणि रस्त्यावर साठली होती. इथं पाणी उतरलं नव्हतं.

“आंबेदऱ्याचं आहे,” मी पाकीट पुढे केलं.

“हातात घेत नाही. पेटीत टाका.”

पेटीचं तोंड पाण्याच्या वर चार बोटं होतं. मी पाकीट आत सरकवलं. काठावर क्षणभर बोटं तशीच राहिली. मग सोडलं.

पोस्टमननं घड्याळ बघितलं, वाकून पाण्याखाली कुलूप काढलं, आत हात घालून पाकीट घेतलं. पिशवीत दुसरं काही नव्हतं. ती त्यानं डोक्यावर ठेवली, एका हातानं धरली आणि वरच्या अंगाच्या रस्त्यानं चालू लागला.

मागे सभागृहात आभारप्रदर्शनाला सुरुवात झाली. सर्व खांबांवरचे कर्णे एकदम बोलू लागले. आभार मानायची नावं पुष्कळ होती.

मला हाक मारायची होती, पण हाकेनंही पाणी वाढलं असतं. मी उभा राहून त्याच्या खाकी सदऱ्याच्या पाठीवरची आडवी शिवण बघत राहिलो. पाणी शिवणीच्या दोन बोटं खाली होतं. मी खिशातून पेन काढलं. एक बोट.