चमच्यावरची शीग

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. जेवायचा नव्हे, मापाचा. जेवायच्या चमच्याचे लाड होतात, त्याला गरम घास मिळतो, त्याच्यावर कुणी फुंकर घालते. माझ्या वाट्याला आयुष्यभर फक्त भुकटी आली, आणि तीही लालभडक. माझ्या दांड्याच्या सांध्यात तो रंग अजून बसलेला आहे, कितीही घासा, निघत नाही. मी जरा तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण आजच्या गोष्टीत मला दुसऱ्यावर तोंडसुख घेता येणार नाही, कारण चूक झाली तेव्हा मी तिथेच होतो आणि चांगला खुशीत होतो.

माझा जन्म पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. तो दोन चष्मे एकदम लावायचा. त्याने माझा काठ दगडावर घासून इतका सारखा केला की मला काचेवर पालथे घातले तर मुंगीलासुद्धा आत शिरायला जागा नव्हती. गोळ्यांच्या कारखान्याचे मालक मला न्यायला आले तेव्हा त्याने मला त्यांच्या हातात दिले आणि बरोबर एक पोलादी पट्टीही दिली.

"भरायचा आणि पट्टी फिरवायची," तो म्हणाला. "काठाच्या वर जे राहतं ते याचं माप नाही, बरं का."

कारखाना म्हणजे दोनच खोल्या. पुढच्या खोलीत चार बायका गोळ्यांना कागद गुंडाळत. मागच्या खोलीत साखरेच्या पाकाची कढई रटरटत असे. तिच्याशेजारच्या खिळ्यावर मी टांगलेला असायचो. माझ्या डोक्यावर भिंतीला एक कागद चिकटवला होता: 'एका कढईला लाल रंग एक चमचा, सपाट.' सुरुवातीची वर्षे सगळे रीतसर चालले. मग कारखान्यातला जुना माणूस काम सोडून गेला. पट्टी टेबलामागे पडली, ती कुणी वाकून काढली नाही. पाकाची वाफ रोज लागून लागून कागदाचा खालचा कोपरा विरघळला आणि शेवटचा शब्द पुसला गेला.

अशा वेळी मावशी आल्या. सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा, मालकसुद्धा. हाताला उरक मोठा आणि मन त्याहून मोठे. त्यांनी भिंतीवर वाचले 'एक चमचा', मला डब्यात खुपसले आणि वर टेकडीसारखी शीग घेऊनच बाहेर काढले.

पुढच्या खोलीतली एक बाई म्हणाली, "अहो मावशी, केवढा भरलाय तो!"

"लेकरांच्या तोंडात जायचंय," मावशी म्हणाल्या. "त्यात कसला हात आखडता घ्यायचा? माझी आई कुणाला पीठ उसनं दिलं तरी शीग लावून द्यायची."

मित्रांनो, खरे सांगतो, मला त्या शिगेचा भारी तोरा होता. सपाट चमच्याकडे कोण बघते? शीग लावली की मी दीडपट, कधी दुप्पट दिसायचो. गोळ्या अशा लालबुंद निघायच्या की दुकानदार म्हणायचे, तुमचा माल लांबूनच ओळखू येतो. शाळा सुटली की रस्त्यावरून जाणारी मुले लाल जिभा काढून एकमेकांना दाखवायची. हा सगळा आपलाच पराक्रम, असे मला वाटायचे. अशी पाच वर्षे गेली.

मावशींना एक नात होती. तिचे आईवडील कामासाठी परगावी असत, म्हणून ती मावशींकडेच राहायची. सात वर्षांची, काटकुळी आणि एका जागी न ठरणारी. सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की ती कारखान्याच्या मागच्या दाराशी येई आणि मावशी फुटक्या गोळ्यांचा चुरा तिच्या ओंजळीत टाकत. रोज एक ओंजळ, कधी दोन. घरचाच माल, त्यात काय विचारायचे?

भिंगरी हे नाव आधी कौतुकाचे होते. पुढे पुढे ते तक्रारीचे झाले. पोरगी कॉलर चावायची, उगाच किंचाळायची, झोपेत लाथा झाडायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, आजीने लाडावून ठेवली, दुसरे काय. मावशी मान खाली घालून ऐकून घ्यायच्या.

एका दुपारी ती शाळेतून चिठ्ठी घेऊन आली. मावशींनी ती कढईपाशी उभे राहून वाचली. मुलगी पाच मिनिटेही जागेवर बसत नाही, शेजारी बसणाऱ्या मुलीच्या हातात पेन्सिल खुपसली, महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर तिला शाळेत ठेवता येणार नाही, असे वर्गाच्या बाईंनी लिहिले होते. मावशींनी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि पोरीच्या थोबाडीत दिली. पुढच्या खोलीतले हात थांबले.

भिंगरी रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "आजी, मी बसते गं. पायच बसत नाहीत."

मावशींचा चेहरा पडला. त्यांनी तिला पोटाशी धरले आणि समजूत घालायला काय दिले माहीत आहे? मूठभर लाल गोळ्या. मी खिळ्यावरून बघत होतो. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, हेच मला सलते.

दुसऱ्या दिवशी मावशी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तिथे काय झाले ते त्यांनी परत येऊन कागद गुंडाळणाऱ्या बायकांना सांगितले. बाईंनी विचारले, बाहेरचे काही खाते का? मावशी ठसक्यात म्हणाल्या, छे हो, बाहेरचे काही नाही. मग बाईंनी जीभ दाखवायला सांगितली. जीभ लालच्या लाल.

"त्या म्हणाल्या, असे रंग सगळ्याच मुलांना बाधत नाहीत, पण काहींना बाधतात," मावशी सांगत होत्या. "हिचं कारण तेच, असं आज सांगता येणार नाही म्हणाल्या. तीन आठवडे रंगाचं सगळं बंद करा. गोळ्या, सरबतं, पाकिटातलं चटकमटक, सगळं. आणि रोज काय फरक दिसतो ते लिहून ठेवा."

पहिला आठवडा मावशींच्या नाकी नऊ आले. पोरीने गोळ्यांसाठी दार लाथाडले. दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी मावशी आल्या त्या डोळे पुसतच. "सबंध रात्र झोपली हो," त्या म्हणाल्या. "मीच दोनदा उठून बघितलं, श्वास चाललाय ना." तिसऱ्या आठवड्यात तिने वर्गात बसून एक झाड काढले, पानांसकट, पूर्ण. ती काही एकदम गरीब गाय झाली नाही. अजून चुळबुळ होतीच, पण हाक मारली की ऐकू लागली. शाळेने नाव काढायचा विचार सोडला.

बायकांनी आनंद केला. मावशीही हसल्या. मग मला घ्यायला त्यांनी हात वर केला आणि तो तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितले, डब्याकडे बघितले, कागदाच्या विरलेल्या कोपऱ्याकडे बघितले आणि मालकांना हाक मारली.

"मालक, इथं खाली काय लिहिलं होतं?"

मालकांनी जुनी वही काढून वाचले. "एक चमचा, सपाट. का हो?"

मावशींनी डब्याचे झाकण घट्ट लावले. "पाच वर्षं मी शीग लावून घालतेय."

मालक वाईट माणूस नव्हते. पण ते एवढेच म्हणाले, "मुद्दाम थोडंच केलं आपण? आजवर एकानंही तक्रार केली नाही."

"कुठून करतील? त्यांना कुठं ठाऊक आहे? माझ्या नातीचं मला कळलं. बाकीच्या आज्या पोरांना मारतच असतील."

त्या दिवसापासून मावशी बोट फिरवून मला सपाट करू लागल्या. गोळ्या फिक्या दिसू लागल्या. दुकानदार बरण्या परत पाठवू लागले, शिळा माल आहे म्हणाले. महिनाभराने मालक आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, अगदी थोडीशी शीग घाला की. कोण बघतंय?"

मावशींनी कमरेचा फडका सोडला. "मी बघतेय ना," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी कामाला यायची नाही. हा चमचा तेवढा द्या मला."

"न्या. दुसरा आणीन मी."

त्या दुसऱ्या चमच्याला कसा भरतात, मला माहीत नाही. त्याची काळजी मात्र वाटते.

शाळेतल्या पालकांच्या सभेत मावशींनी मला नेले. सोबत मिठाची पुडी होती. टेबलावर दोन कागद पसरून एकावर त्यांनी मला सपाट भरून उपडे केले आणि दुसऱ्यावर शीग लावून. दुसरा ढीग जवळजवळ दुप्पट होता. "हे मी तुमच्या मुलांना खायला घातलं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, माया करतेय." मागे कुणीतरी हसले. एक गृहस्थ म्हणाले, आम्हीपण लहानपणी खूप खाल्ल्या, आम्हाला काय झालं?  मला तेव्हा प्रथमच माझी लाज वाटली.

सभा संपल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई मावशींपाशी आल्या. त्यांची धाकटी या शाळेत होती. "माझी थोरली," त्या म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी शाळेनं काढली. दप्तरात सदा याच गोळ्या असायच्या. त्यानं झालं असेल का हो?"

मावशींनी मिठाची पुडी खाली ठेवली. "असेलही, नसेलही, ताई," त्या म्हणाल्या. "आता कसं कळणार?"

"मी तिला फार मारलं." बाईंनी मला उचलले. "हा दोन दिवस नेऊ? तिला दाखवते. ती स्वतःला वाईटच समजते."

असा मी त्यांच्या घरी आलो. थोरली आता चौदा वर्षांची आहे, घरी बसून आईला बटणे लावायला मदत करते. आईने मीठ आणून मला सपाट भरून दाखवले, मग शीग लावून दाखवले, आणि अडखळत सगळे सांगितले. मुलीने सुई खाली ठेवली.

"म्हणजे आई, मी मुद्दाम नव्हते करत?"

 आईने मुलीचे दोन्ही हात धरले आणि ती रडू लागली.

मित्रांनो, मी चमचा आहे, मला कुणी कितीही भरले तरी नको म्हणता येत नाही. तुम्हाला येते. जे फार लाल, फार पिवळे दिसते ते तोंडात टाकण्याआधी त्यात काय आहे ते विचारा, पाकिटावरची बारीक अक्षरे मोठ्यांकडून वाचून घ्या. आणि तुमच्या वर्गात कुणी सारखे उठत असेल, किंचाळत असेल, तर त्याला वाईट म्हणू नका. ते त्याला खरे वाटू लागते.